साक्षीदाराचा पक्ष

आगमनकाळातील तिसरा रविवार होता, १२ डिसेंबर २०२१. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास रत्नागिरीतील आमच्या घरात दूरचित्रवाणीसमोर दोन पक्ष बसले. अबू धाबी येथे त्या वर्षाची अखेरची फॉर्म्युला वन शर्यत होती. इंग्लंडचा लुईस हॅमिल्टन व नेदरलंड्सचा मॅक्स व्हर्स्टॅपन यांचे गुण तंतोतंत सारखे, ३६९.५. आमचा मुलगा हॅमिल्टनचा, भाचा व्हर्स्टॅपनचा. समालोचन इंग्रजी. शर्यत अर्धी होते न होते तोच भाचा उसळला, "हा माणूस इंग्रजांचाच! हॅमिल्टन पुढे असला की याचा आवाज कसा चढतो बघा."

पुढे जे घडले ते अनेकांच्या स्मरणात असेल. ५८ फेऱ्यांची शर्यत. त्रेपन्नाव्या फेरीत एक गाडी भिंतीवर आदळली आणि सेफ्टी कार आली. आघाडीवरच्या हॅमिल्टनचे टायर झिजलेले. व्हर्स्टॅपनने मात्र ती संधी साधून नवे चढवले. दोघांच्या मध्ये एक फेरी मागे पडलेल्या पाच गाड्या होत्या. त्या जागच्या हलणार नाहीत असे आधी कळवण्यात आले. मग नेमक्या त्या पाचांनाच पुढे सोडण्यात आले. उरलेल्या एकाच फेरीत व्हर्स्टॅपन पुढे निघून गेला व जगज्जेता ठरला. मार्च २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाचा अहवाल आला: शर्यत-संचालकाकडून मानवी चूक झाली, परंतु त्याचा हेतू शुद्ध होता, निकाल कायम.

त्या रात्री आमच्याकडे जेवण मुक्यानेच झाले. मला मात्र भाच्याचे वाक्य सोडीना. समालोचकाने पक्षपाती असणे हे पाप आहे काय?

या शर्यतींची चित्रे साऱ्या जगाला बहुधा एकच जातात. आवाज मात्र ज्या त्या देशाचा. त्या संध्याकाळी डच प्रेक्षकांनी ओलाव्ह मोल या आपल्या जुन्या समालोचकाच्या तोंडून तीच शेवटची फेरी ऐकली. गाड्या त्याच, रस्ता तोच. पण एका देशात विजयोत्सव आणि दुसऱ्या देशात सुतक! यात नवल ते काय? आपल्याकडे कबड्डीच्या सामन्यात ध्वनिक्षेपक हाती धरणारा यजमान गावचाच असतो. गावच्या पोराने पकड केली की त्याचा स्वर टिपेला जातो. त्याला कोणी पक्षपाती म्हणत नाही, कारण तो आपला असतो.

१९९६ साली जपानमध्ये डेमन हिल जगज्जेता झाला, तेव्हा मरे वॉकर या वयोवृद्ध इंग्रज समालोचकाने गळा दाटून आल्यामुळे आपल्याला थांबावे लागत असल्याचे सांगितले. तो कोणाचा आहे हे त्याने लपवले नाही, आणि त्या गहिवराखाली शर्यतीतील कोणतीही घटना झाकली गेली नाही. माया असणे हा साक्षीदाराचा दोष नव्हे. आईचीही साक्ष खरी असू शकते.

दोष दुसरीकडे असतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये मेक्सिको येथील शर्यतीच्या वेळी व्हर्स्टॅपन व त्याच्या रेड बुल संघाने स्काय या इंग्रजी वाहिनीशी बोलणे बंद ठेवले. हॅमिल्टनचे अजिंक्यपद लुबाडले गेले, असा सूर त्या वाहिनीच्या एका वार्ताहराने लावल्याचे ते निमित्त होते. अबोला धरणे मला पोरकटपणाचे वाटते, परंतु तक्रार पोकळ नव्हती. चूक डोळ्यांना दिसते. लूट म्हणायला दुसऱ्याचे अंतःकरण दिसावे लागते. आठवी आज्ञा खोट्या साक्षीविषयी आहे, आणि न पाहिलेल्या हेतूची ग्वाही देणे हीदेखील खोटी साक्षच. संत इग्नाशियस लोयोला यांनी तर आपल्या आध्यात्मिक साधनेच्या ग्रंथारंभीच सांगून ठेवले आहे की, शेजाऱ्याच्या बोलण्याचा होईल तितका चांगला अर्थ घ्यावा.

हा मापदंड प्रेक्षकालाही लागू होतो. समालोचकाचा चढलेला स्वर भाच्याने ऐकला, ते सत्य. पण त्या स्वरामागे कपट आहे, हे त्याने कोठून ऐकले? मी हे त्याला समजावून सांगितले, काहीशा गुरुजींच्या थाटात.

तो शांतपणे म्हणाला, "मामा, नारायणचं काय?"

मी निरुत्तर झालो. जून २००५ मध्ये इंडियानापोलिस येथे नारायण कार्तिकेयन चौथा आला. फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारा तो पहिला भारतीय. भाचा तेव्हा आठ वर्षांचा. मी त्याला आणि भेटेल त्या प्रत्येकाला ती वार्ता ऊर भरून सांगितली. टायरच्या धोक्यामुळे चौदा गाड्या सुरुवातीलाच माघारी फिरल्या होत्या आणि प्रत्यक्षात सहाच गाड्या धावल्या, हे मला ठाऊक होते. मी ते सांगितले नाही. माझा एकही शब्द खोटा नव्हता.

"सहा गाड्यांचं मला कॉलेजात कळलं," तो म्हणाला, "मित्रांसमोर."

त्याच्या स्वरात राग नव्हता. पुढच्या मोसमात पहिल्या शर्यतीच्या दिवशी तो नेहमीप्रमाणे आला, माझ्या शेजारी बसला आणि आवाज त्यानेच मोठा केला.