सासूबाईंच्या वाट्याचं धान्य

सासूबाई गेल्या, तरी माझ्या एका अंगठ्यावर रेशन दुकानात त्यांचं महिन्याचं पाच किलो धान्य निघतंच. "राहू दे गं नाव, सरकारचं काय जातंय?" मोठ्या जाऊबाई म्हणाल्या. पतंजलींनी योगातल्या यमांमध्ये अस्तेय, म्हणजे चोरी न करणं, सांगितलंय. पण ज्याचा मालकच दिसत नाही, ते घेणं चोरी का? माझ्या मते चोरीच. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार राज्याचा इष्टांक, म्हणजे लाभार्थ्यांची संख्या, ठरलेला आहे. जुनी नावं कमी झाली की नव्यांना जागा होते. म्हणजे मालक आहे, फक्त माझ्या ओळखीचा नाही. म्हणून सासूबाईंचं नाव कमी करायला त्यांच्या मृत्यूचा दाखला घेऊन पुरवठा शाखेत गेले. नातवाचं नाव चढवायचा अर्जही तिथंच दिला. हक्क मागायला लाज नको, तसा सोडताना जीवही अडकायला नको.