एकाला मारायचं, एकाला सोडायचं

‘ट्रोलिंग’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कमेंट बॉक्स येतो. कुणीतरी मुद्दाम आमिष टाकतं, कुणीतरी ते गिळतं, मग दिवसभर तमाशा. हा शब्द इंटरनेटवर मासेमारीतून आला असं मानलं जातं. राक्षसाची प्रतिमा त्याला नंतर चिकटली. मूळचं ट्रोलिंग मात्र फार शांत असतं. छोटी बोट, छोटं इंजिन, माणूस रमतगमत चालेल एवढाच वेग, आणि बोटीमागे पाण्यातून ओढलं जाणारं चकचकीत, खोटं आमिष. तासन्‌तास काहीच घडत नाही. ज्यांना दर दोन मिनिटांनी फोन बघायची सवय आहे त्यांनी एकदा करून बघावं. सरोवराच्या मध्यावर रेंजही नसते.

अमेरिकेतल्या यलोस्टोन नॅशनल पार्कमध्ये पार्कच्याच नावाचं एक सरोवर आहे. समुद्रसपाटीपासून ७,७०० फुटांवर, साधारण ३५० चौरस किलोमीटर पसरलेलं, काही ठिकाणी ४०० फुटांच्या आसपास खोल. पाणी उन्हाळ्यातही जीवघेणं गार. इथे गळाला दोन प्रकारचे ट्राउट लागतात. एक कटथ्रोट. त्याच्या जबड्याखाली लालसर केशरी रेघ असते, गळा चिरल्यासारखी, म्हणून हे नाव. दुसरा लेक ट्राउट. गडद अंगावर फिकट ठिपके आणि खोल दुभंगलेली शेपटी. पार्कचा नियम असा की कटथ्रोट लागला तर लगेच जिवंत सोडायचा. लेक ट्राउट लागला तर मारायचाच. त्याला सोडणं बेकायदेशीर आहे. खायचा नसेल तर त्याची हवेची पिशवी फोडायची आणि त्याला खोल पाण्यात बुडवायचं.

मी सॉल्ट लेक सिटीत राहतो. तिथून यलोस्टोन गाडीने पाच-सहा तासांवर. गेले दोन उन्हाळे मी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या बोटीवर जातो. मासा मारण्याचं मला वावडं नाही. आमचं गाव इंदापूर तालुक्यात, उजनीच्या पाण्याला लागून. भिगवणच्या बाजारात परातीत उड्या मारणारे मासे बघत मोठा झालो. त्यामुळे पुढे जे लिहितोय ते एखाद्या हळव्या शाकाहारी माणसाचं मनोगत नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.

पहिल्याच दिवशी पंधरा मिनिटांच्या अंतराने दोन्ही मासे लागले. आधी कटथ्रोट आला. सहकाऱ्याने हात ओले करून घेतले, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. मासा पाण्यातच धरून त्याने बिनकाट्याचा गळ अलगद काढला आणि तोंड पुढे करून त्याला सोडलं. शेपटीचा एक फटकारा, आणि गेला. मग खोल सोडलेला दोर क्लिपमधून सुटला. ट्रोलिंगमध्ये जड गोळ्याच्या आधाराने आमिष खोल नेतात, आणि मासा लागला की दोर त्या गोळ्यापासून सुटतो. रॉड वाकला, मी रीळ फिरवत राहिलो. वर आला तो लेक ट्राउट होता, हाताच्या कोपरापेक्षा लांब. सहकाऱ्याने माझ्या हातात एक आखूड लाकडी दांडका दिला. डोक्यावर दोन घाव. मासा थरथरला आणि निपचित झाला. “चाळीस कटथ्रोट वाचवलेस,” तो म्हणाला, आणि टाळीसाठी हात पुढे केला.

हा चाळीसचा आकडा त्याने हवेतून काढलेला नव्हता. एक मोठा लेक ट्राउट वर्षाला सुमारे ४० कटथ्रोट खातो, असा अंदाज पार्कचेच लोक सांगतात. तरी ते वाक्य माझ्या डोक्यात अडकून बसलं. कारण मला काही वाचवल्यासारखं वाटलं नव्हतं. मला मजा आली होती. रॉड वाकला तेव्हा जी झिणझिणी हातातून वर गेली तीच कटथ्रोटच्या वेळीही गेली होती, आणि तेव्हा तर मी कुणालाच वाचवत नव्हतो.

हे सगळं सुरू कसं झालं ते थोडक्यात सांगतो. लेक ट्राउट या सरोवरातला नाही. १८९० मध्ये सरकारी खात्याने मिशिगन सरोवरातून आणून तो यलोस्टोनमधल्याच लुईस सरोवरात सोडला होता, पाहुण्यांना मासेमारीची मजा मिळावी म्हणून. तिथून तो यलोस्टोन सरोवरात बहुधा माणसाच्याच हाताने, चोरून पोचला. १९९४ मध्ये तो तिथे पहिल्यांदा सापडला. कटथ्रोट अंडी घालायला उथळ ओढ्यांत चढतो, म्हणून अस्वलं, ऑस्प्रे, पाणमांजरं सगळ्यांच्या वाट्याला येतो. लेक ट्राउट खोल पाण्यातच राहतो आणि सरोवरातच अंडी घालतो. तो कुणाच्याच तोंडी लागत नाही. क्लिअर क्रीक नावाच्या एका ओढ्यात १९७८ मध्ये ७०,००० हून जास्त कटथ्रोट चढले होते. २००६-०७ च्या सुमाराला काहीशेच उरले. मासे मिळेनात तेव्हा अस्वलं एल्क हरणांची पाडसं जास्त खाऊ लागली, असंही अभ्यासकांना दिसलं. म्हणजे पाण्याखालच्या एका माशाची झळ डोंगरावरच्या हरणीपर्यंत पोचली. पार्कने जाळी लावून आजवर ४० लाखांहून जास्त लेक ट्राउट मारले आहेत. आमच्यासारखे गळवाले त्या मानाने किरकोळ.

आता प्रश्न. माशाला वेदना होतात का? २००३ मध्ये लिन स्नेडन या संशोधिकेने रेनबो ट्राउटच्या ओठांत मधमाशीचं विष आणि ॲसिड टोचून पाहिलं. माशांनी बराच वेळ खाणं टाळलं, काहींनी ओठ तळाच्या खड्यांवर घासले. याला ‘वेदना’ म्हणावं का यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. मी म्हणतो, होत असाव्यात असं धरून चालू. मग त्या दोन्ही माशांना सारख्याच होतात. गळ तोच, दमणं तेच, हवेत गुदमरणं तेच. फरक पडतो तो शेवटच्या दहा सेकंदांत, आणि तो फरक माशात कुठेच नाही. तो इतिहासात आहे. १८९० मध्ये कुणीतरी काढलेल्या हुकमात आहे.

तत्त्वज्ञानात या भांडणाच्या दोन बाजू ठरलेल्या आहेत. अल्डो लिओपोल्डचं ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ १९४९ मध्ये आलं. त्याचं म्हणणं सोप्या भाषेत असं, की माती, पाणी, झाडं, प्राणी मिळून जो समाज होतो त्याचं भलं कशात आहे ते बघा. प्राण्यांच्या हक्कांवर लिहिणाऱ्या टॉम रेगनने १९८३ मध्ये या विचारसरणीला चक्क पर्यावरणीय फॅसिझम म्हटलं. समूहाच्या भल्यासाठी एकेकाचा बळी द्यायचा, हे माणसांच्या बाबतीत आपल्याला चालत नाही, मग इथे का चालावं? आपल्या आजच्या जगात रेगनचा हा इशारा मला जास्तच टोचतो. ‘बाहेरचे आले आणि आमचं खाऊन टाकलं’ हे वाक्य मी माशांशिवाय इतर संदर्भातही ऐकतो. व्हिसावर राहणारा माणूस ते जरा जास्तच लक्ष देऊन ऐकतो.

पण मला ही तुलना शेवटपर्यंत ताणता येत नाही. माणूस नव्या गावात गेला की तिथलं शिकतो, वाटाघाटी करतो, बदलतो. लेक ट्राउटला यातलं काहीच शक्य नाही. तो फक्त खातो. आणि त्याला न मारणं म्हणजे हात स्वच्छ ठेवणं नव्हे. त्याला सोडलं तर कटथ्रोट मरतात, अस्वलाचं खाणं जातं, पाडसं जातात. मारणं थांबत नाही, फक्त ते माझ्या बोटीपासून लांब होतं. म्हणून मी लिओपोल्डच्या बाजूला झुकतो. मारावं. मला खटकतं ते मारण्याभोवतीचं बोलणं.

बोटीच्या धक्क्यावर लोक लेक ट्राउटबद्दल असं बोलतात की जणू त्याने कट रचला होता. चोर, खुनी, घुसखोर. शब्द असे असले की दांडका हलका होतो. आणि कर्तव्य व मजा एकाच गळाला लागले की माणूस स्वतःला प्रश्न विचारायचं सोडून देतो. याचा पुरावा शोधायला लांब जावं लागत नाही. याच पार्कमध्ये १९२० च्या दशकात मॉली बेटांवरच्या पेलिकन पक्ष्यांची अंडी आणि पिल्लं मुद्दाम नष्ट केली, कारण ते गळवाल्यांच्या वाट्याचे ट्राउट खात. त्याच दशकात पार्कमधले शेवटचे लांडगे मारले. तेव्हाही ते कर्तव्यच होतं. १९९५ मध्ये कॅनडातून लांडगे परत आणून सोडले. आज लेक ट्राउट मारायचे ते, इतर गोष्टींबरोबर, पेलिकनला खायला कटथ्रोट मिळावेत म्हणून. आजचं शास्त्र तेव्हापेक्षा पुष्कळ चांगलं आहे, हे मला मान्य आहे. पण दांडका हातात असताना तेव्हाच्या माणसांनाही आपलं शास्त्र चांगलंच वाटलं असणार.

आणखी एक गोष्ट, जी कळल्यावर मी थोडा वेळ गप्प बसलो. मिशिगन सरोवरातला मूळचा लेक ट्राउट १९५० च्या दशकात संपला. बेसुमार मासेमारी आणि कालव्यातून घुसलेला लॅम्प्री नावाचा रक्तपिपासू जलचर, दोन्ही कारणं. तिथे तो परत आणण्यासाठी माणसं कित्येक दशकं खपताहेत. लॅम्प्री मारायला ओढ्यांत विष सोडताहेत. आणि परत सोडायला बीज आणलं त्यातलं काही कुठून? यलोस्टोनमधल्या त्याच लुईस सरोवरातून. १८९० मध्ये हलवलेल्या माशांच्या वंशजांत मिशिगनचं जुनं रक्त टिकलं होतं. म्हणजे एकाच कुळातल्या एका माशासाठी तिकडे पाळणा, इकडे दांडका.

गावाकडे मी हे फोनवर वडिलांना सांगत होतो. ते म्हणाले, “आपली चिलापी तरी कुठली इथली?” खरं आहे. चिलापी, म्हणजे तिलापिया, आफ्रिकेतली. भारतात ती १९५२ मध्ये आणली. भीमेतले जुने मासे कमी झाले त्याला धरण, प्रदूषण अशी बरीच कारणं असली तरी चिलापीही त्यात आहेच. पण उजनीवर तिला कुणी खुनी म्हणत नाही. धरणात जमिनी गेल्यावर कित्येकांची चूल तिच्यावर पेटली. तिथे मासा पकडणं म्हणजे पकडणं. त्याला वाचवण्याचं नाव द्यावं लागत नाही. मला तो प्रामाणिकपणा आवडतो. अर्थात त्या प्रामाणिकपणाने एकही जुना मासा भीमेत परत आला नाही, हेही खरं.

त्यामुळे मी माझ्यापुरते दोन नियम केले आहेत. मारलेला लेक ट्राउट पाण्यात फेकायचा नाही, घरी आणून खायचा. कोकम आणि तिरफळ घातलं तर तो बांगड्याइतका नाही, पण बरा लागतो. आणि कटथ्रोट फक्त मजेसाठी पकडायचा नाही. तो लागलाच तर सोडायचा, पण त्याच्या मागे जायचं नाही. सहकाऱ्याला हा दुसरा नियम हास्यास्पद वाटतो. सोडलेल्या माशाचं काय बिघडलं, तो विचारतो. त्याच्या मते माझं उलटं झालंय: मारण्याला मी हरकत घेत नाही आणि सोडण्याला घेतो. बरोबर ओळखलंय त्याने.

पार्कने अलीकडे अंडी मारायलाही सुरुवात केली आहे. लेक ट्राउट जिथे अंडी घालतो त्या खडकांवर सडणारं जैविक द्रव्य टाकायचं, म्हणजे पाण्यातला प्राणवायू संपून अंडी गुदमरतात. गळ नाही, दांडका नाही, कुणाचा हात थरथरत नाही, मजाही नाही. माझ्या तक्रारी सगळ्या मिटायला हव्यात. पण हे वाचल्यापासून मला वाटतंय की निदान बोटीवर तरी कुणीतरी त्या माशाकडे बघत होतं.