टक्के मोजले, गिऱ्हाईक कुठाय?

लॅपटॉप मिटा सगळ्यांनी. आधी नीट ऐकून घ्या.

तुमचे रिपोर्ट वाचले. एकाच्या पहिल्या पानावर रंगीत चौकट, चौकटीत ठळक अक्षरांत ‘सीटीआर ३ टक्के’ आणि खाली शेरा, ‘मोहीम यशस्वी’. कशावरून यशस्वी? ज्या बाईंनी दिवाळीच्या फराळाच्या जाहिरातीसाठी विश्वासाने तुमच्या हाती पैसे दिले, त्यांना ऑर्डरी किती आल्या, हे एकाही रिपोर्टात नाही. शेवटी मलाच त्यांना फोन करून विचारावं लागलं.

सीटीआरची, म्हणजे क्लिक-थ्रू रेटची, व्याख्या तुम्हाला तोंडपाठ आहे. क्लिकना इम्प्रेशननी, म्हणजे जाहिरात जितक्या वेळा दिसली त्या आकड्याने, भागायचं आणि शंभराने गुणायचं. अहो, पण उत्तर काय सांगतं? जाहिरात समोर आली तेव्हा किती वेळा बोट पडलं, एवढंच. ते घेण्यासाठी पडलं, गंमत म्हणून पडलं की मोबाइलवर स्क्रोल करताना चुकून पडलं, हे तो आकडा सांगत नाही. ते शोधणं तुमचं काम होतं.

आता फळ्याकडे बघा. पहिल्या गटाने मथळ्यात ‘मोफत’ घुसडलं. जाहिरात १०,००० वेळा दिसली, ३०० क्लिक आले. क्लिकमागे ८ रुपये, म्हणजे २,४०० रुपये गेले. ऑर्डरी आल्या ३. एका ऑर्डरीला ८०० रुपये! दुसऱ्या गटाने चकलीचा भाव आणि ‘घरपोच फक्त डोंबिवलीत’ असं सरळ लिहिलं. तितक्याच इम्प्रेशनवर १०० क्लिक, सीटीआर १ टक्का, खर्च ८०० रुपये, ऑर्डरी ८. एका ऑर्डरीला १०० रुपये. ज्यांना घ्यायचं नव्हतं ते भाव वाचूनच पुढे गेले, बाईंचे पैसे वाचले. आणि या गटाने स्वतःच्या रिपोर्टात लिहिलंय, ‘मोहीम अपयशी’! डोळे उघडे ठेवून लिहिलं होतं का?

मागच्या बाकावरचे, तुमची सरासरी बघा. एका जाहिरातीला १०० इम्प्रेशनवर १० क्लिक, दुसरीला १०,००० वर १००. तुम्ही १० टक्के आणि १ टक्का यांची बेरीज करून दोनाने भागलंत आणि साडेपाच टक्के छापून मोकळे झालात. एकूण क्लिक ११०, एकूण इम्प्रेशन १०,१००. उत्तर १.०९ टक्के. हे शाळेतलं गणित आहे.

फेसबुकच्या अहवालात ‘सीटीआर ऑल’ हा रकाना दिसला की तोच उचलायचा, ही खोडही सोडा. त्यात लाइक, कमेंट, ‘आणखी पाहा’वरची टिचकी, सगळंच धरलेलं असतं. लिंकवर किती जण गेले, त्याचा रकाना वेगळा आहे. तसंच, गुगलवर ‘चकली ऑर्डर’ असं स्वतःहून शोधणाऱ्याला दिसलेली जाहिरात आणि बातमी वाचताना कडेला झळकलेला बॅनर यांचे सीटीआर शेजारी ठेवून हार-जीत ठरवू नका. पहिला माणूस वस्तू शोधतोय, दुसरा बातमी वाचतोय.

आणि २०० इम्प्रेशनवर ४ विरुद्ध ६ क्लिक आले म्हणून ‘दुसरी जाहिरात दीडपट सरस’ असं पुन्हा लिहाल तर रिपोर्ट तिथेच फाडीन. दोन क्लिकवर निकाल लागत नसतो.

सीटीआर कुचकामी आहे, असं मी म्हणत नाही. गुगल जाहिरातीचा क्वालिटी स्कोअर काढतं त्यात अपेक्षित सीटीआर, जाहिरातीची समर्पकता आणि लँडिंग पेजचा अनुभव, तिन्ही बघतं. सीटीआर घसरला तर मथळा तपासा, कोणाला दाखवताय ते तपासा. सीटीआर चढा असून ऑर्डरी नाहीत, तर जाहिरातीत दिलेला शब्द पानावर पाळलाय का ते बघा. आकडा प्रश्न विचारण्यासाठी असतो, मिरवण्यासाठी नव्हे.

मी चिडलोय, कारण उद्या तुमच्यापैकी कुणी एखाद्या छोट्या दुकानदाराचं महिन्याचं बजेट हाताळणार आहे. त्याला सीटीआर कळत नसेल. त्याला गल्ल्यात काय पडलं ते कळतं आणि तो तुमच्या शब्दावर विसंबून असतो. त्याच्या अज्ञानावर आपली हुशारी उभी करणं ही फसवणूक आहे.

सगळे रिपोर्ट परत घेऊन जा. सोमवारी नवे आणा. पहिल्या ओळीत खर्च, दुसरीत ऑर्डरी, तिसरीत एका ऑर्डरीमागचा खर्च. सीटीआर त्यानंतर, आणि तो तसा का आला याच्या कारणासकट. कारण लिहिलेलं नसेल, तर मार्कही मिळणार नाहीत.