बाहेर म्हणजे कुठे?

रात्री एक वाजता पाणी प्यायला उठलो, स्वयंपाकघरातला दिवा लावला आणि ओट्यावरची सभा एका सेकंदात उठली. सहा-सात तरी होती. एक गॅसच्या पाइपमागे गेलं, दोन मिक्सरच्या खाली, बाकीची कुठे गेली ते कळलंच नाही. मी फवारा उचलला आणि सिंकखाली, फटींत, पाइपच्या भोकात बाटली अर्धी होईपर्यंत मारत राहिलो. नंतर हात धुऊन झोपलो. झोप छान लागली, हे नमूद करायला हवं.

सकाळी शेजारच्या मासी दारात. "काल रात्री फवारा मारलास का रे?" त्यांच्या बाथरूममध्ये तीन झुरळं उताणी पडून पाय हलवत होती. मासी जैन, वय सत्तरच्या पुढे. चिडल्या नव्हत्या. "मारू नको, बेटा. कागदावर घे आणि बाहेर सोड."

"बाहेर म्हणजे कुठे, मासी?"

त्यांनी खिडकीकडे बोट दाखवलं. ती खिडकी डक्टमध्ये उघडते.

मीरा रोडच्या जुन्या चार मजली इमारतींत राहिलेल्यांना डक्ट समजावून सांगावा लागत नाही. स्वयंपाकघरं आणि बाथरूम पाठीला पाठ लावून, मध्ये एक अंधारी उभी विहीर, तिच्यात सगळ्यांचे पाइप आणि तळाला चेंबर. भिंतींनी वेगळी केलेली सगळी घरं डक्टमधून एकच घर आहेत. बाजारातले बहुतेक फवारे झुरळांना मारतात तसे चिडवतातही. ज्यांच्यावर थेंब पडतो ती मरतात, ज्यांना नुसता वास लागतो ती पाइप धरून निघतात. म्हणजे माझी त्या रात्रीची निम्मी हत्या प्रत्यक्षात बदली होती. आपण मराठीत 'झुरळासारखं झटकून टाकलं' असं सहज म्हणतो. झटकलेलं झुरळ कुणाच्या अंगावर पडलं, हे त्या वाक्प्रचारात येत नाही.

मग मी, सवयीप्रमाणे, वाचत बसलो. आपल्या स्वयंपाकघरातलं हे छोटं, तपकिरी, मानेजवळ दोन काळे पट्टे असलेलं झुरळ म्हणजे 'जर्मन' झुरळ. 1767 मध्ये लिनियसने त्याच्या नावात जर्मनी घातलं. पण 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 17 देशांतल्या 281 झुरळांची जनुकं तपासली, तेव्हा त्याचं मूळ भारत किंवा म्यानमारच्या बाजूला निघालं. सुमारे 2,100 वर्षांपूर्वी शेतात राहणाऱ्या एका आशियाई झुरळापासून ते वेगळं झालं आणि माणसाच्या घरात आलं. मला सगळ्यात जास्त अडकवलं ते पुढच्या माहितीने: या झुरळाची रानात, माणसापासून दूर राहणारी वस्ती आजवर सापडलेली नाही. आपल्या उबेवर, ओलीवर आणि खरकट्यावर घडलेला हा प्राणी आहे. साप पकडून जंगलात सोडता येतो. याला जंगलच नाही. 'बाहेर सोड' म्हणजे दुसऱ्याच्या घरात सोड.

मासींच्या अहिंसेतली फट मला सापडली, असं वाटून मी जरा खूश झालो होतो. तेवढ्यात जेलबद्दल वाचलं.

जेल वापरणाऱ्यांना ते साधं वाटतं: इंजेक्शनसारख्या नळीतून बिजागरीजवळ, ड्रॉवरच्या कोपऱ्यात बारीक ठिपके द्यायचे, आठवड्यात फरक. होतं असं की झुरळ गोड जेल खातं, लगेच मरत नाही, आपल्या फटीत परत जातं. तिथली पिल्लं त्याची विष्ठा खातात, ते मेल्यावर त्याचं शरीर खातात, आणि तीही मरतात. जेल चालतं ते झुरळांच्या एकत्र राहण्यावर. फवारा म्हणजे राग, हा कट आहे. जैन विचारात गृहस्थाच्या हिंसेचे प्रकार केलेत. चूल पेटवताना, केर काढताना होते ती आरंभी, आणि ठरवून केलेली ती संकल्पी. गृहस्थाकडून निदान दुसरी टाळण्याची अपेक्षा असते. जेलइतकी शुद्ध संकल्पी हिंसा मी तरी दुसरी केलेली नाही. (अंडी खातो. पण ती विकत मिळतात, हा आमच्या पिढीचा बचाव आहेच.)

तरीही मी जेलच्या बाजूने आहे, आणि फवाऱ्याच्या विरोधात. 1926 साली अहमदाबादच्या एका गिरणीमालकाने साठेक भटकी कुत्री मारवली आणि गांधींनी त्याची बाजू घेतली, तेव्हा त्यांच्याकडे संतप्त पत्रांचा ढीग पडला. 'यंग इंडिया'त त्यांनी त्यावर लेखमालाच लिहिली. त्यांच्या म्हणण्याचा रोख असा की ज्याला दया येते त्याने कुत्रं पाळावं, त्याची जबाबदारी घ्यावी. रस्त्यावर तुकडा फेकून निघून जाणं म्हणजे दया नव्हे. झुरळ पाळता येत नाही, हे उघड आहे. पण 'माझ्या दारातून गेलं, माझा विषय संपला' ही वृत्ती तुकडा फेकणाऱ्याची आहे, मग ती फवाऱ्याने येवो की कागदावर घेऊन.

अर्धवट मारणं तर आणखी वाईट. अमेरिकेत काही झुरळांना ग्लुकोज कडू लागायला लागलं, कारण विषारी आमिषात ग्लुकोज होतं आणि ते आवडणारी मरून गेली होती. त्यांच्या जिभेचं (जीभ म्हणायची खरी तर पद्धत नाही) नेमकं काय बदललं, ते 2013 मध्ये संशोधकांनी दाखवलं. आपण मारत असतो तेव्हा निवडही करत असतो.

मासींच्या स्वयंपाकघरात मात्र झुरळ जवळजवळ नसतंच. सूर्यास्तापूर्वी जेवण होतं, भांडी लगेच घासली जातात, सिंक कोरड्या फडक्याने पुसलं जातं, नहाणी ट्रॅपवर रात्री झाकण. त्यांच्याकडे याला जयणा म्हणतात. मारायची वेळच येऊ नये म्हणून आधी घेतलेली काळजी. झुरळ उपाशी काही आठवडे काढतं, पाण्याशिवाय तेवढं टिकत नाही. त्यामुळे ते कोरडं फडकं माझ्या अर्ध्या बाटलीपेक्षा जास्त काम करतं. आमच्याकडे जेवण अकराला, भांडी सकाळच्या बाईंसाठी सिंकमध्ये, डिलिव्हरीची खोकी फ्रिजमागे, ट्रॅपखाली महिनाभर ठिबकणारं पाणी. माझी झुरळं मीच बोलावली होती. फक्त एक गोष्ट मासींसमोर बोललो नाही: ते फडकं रोज रात्री त्यांची सून फिरवते.

सोसायटीने शेवटी सगळ्या घरांत एकदम पेस्ट कंट्रोल करायचं ठरवलं. तारीख पर्युषणात येत होती, मासींनी पुढे ढकला म्हणून विनंती केली. आमच्या शहरात हा विषय नाजूक आहे. 2015 मध्ये महापालिकेने पर्युषणाचे आठ दिवस मांसविक्री बंद ठेवायचं ठरवलं तेव्हा केवढा वाद झाला होता. मलाही ते पटलं नव्हतं, अजूनही पटत नाही. पण इथे कुणी हुकूम काढत नव्हतं, एक म्हातारी बाई मागत होती. आम्ही थांबलो. मधल्या काळात काही अंडी फुटली असणारच, प्रत्येक कोषात तीसेक पिल्लं.

वर्गणी घ्यायला गेलो तेव्हा मासी म्हणाल्या, "औषधाचे पैसे नाही देणार. जाळ्या, सिमेंट, नळाची दुरुस्ती, त्याचे घे. जास्त घे." खात्यात पडल्यावर रुपया रुपयात मिसळतो, हे मी त्यांना सांगणार होतो. सांगितलं नाही. पुढे डक्टमधल्या पाइपांभोवतीची भोकं पांढऱ्या सिमेंटने बुजली ती त्यांच्याच पैशांतून.

कुठल्या घरात कधी यायचं याची शीट मी केली. सगळं वेळेवर झालं, ग्रुपवर अंगठे आले. आठवड्याने जिन्यात वॉचमनमामा भेटले. "तुमची सगळी खाली आली," म्हणाले. डक्टचं तळाचं दार त्यांच्या जिन्याखालच्या खोलीत उघडतं. तिथेच त्यांचा स्टोव्ह, पाण्याचा कॅन, अंथरूण. आदल्या रात्री त्यांनी चपलेने मोजून अकरा मारली होती, आणि पांघरूण डोक्यावरून घेऊन झोपले होते.

शीट उघडून बघितली. पहिला कॉलम फ्लॅट नंबर. त्या खोलीला नंबर नाही, म्हणून तिची ओळ नव्हती. कुणाचा विरोध नव्हता, कुणाला आठवणही नव्हती. मला तर नाहीच.

रविवारी जेलची नळी, सिमेंट आणि दाराखाली लावायची रबरी पट्टी घेऊन खाली गेलो. मामांनी कॅन उचलून धरला, मी मागे ठिपके दिले. डक्टच्या दाराशी एक मादी होती, मागे कोष अडकलेला.

"हिची पिल्लं?" त्यांनी विचारलं.

"औषध कोषात पोचत नाही. पंधरा दिवसांनी परत येतो."

"याल ना नक्की?"

मी तिथेच उभा राहून फोनमध्ये तारीख घातली.