कल्हई

पेशवाईच्या काळात नारायण दीक्षित पाटणकरांनी काशीत घाट बांधले आणि ब्रह्माघाट, दुर्गाघाटाच्या मागच्या गल्ल्यांत मराठी घरं वसली. त्यांतली काही अजून तिथेच आहेत. गल्लीत भोजपुरी बोलायची आणि उंबरठा ओलांडला की मराठी. अशाच एका घरात एक आजी आणि तिचा नातू राहत होते.

नातवाला कँटोन्मेंटकडच्या एका हॉटेलात नोकरी लागली. तिथला पोहण्याचा तलाव त्याने सांभाळायचा होता. तलाव मिठाच्या पाण्याचा, पण समुद्रासारखा खारट नव्हे. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, इथे ३ ते ४ ग्रॅमच. हे पाणी एका यंत्रातून फिरायचं. यंत्रात टायटॅनियमच्या पातळ प्लेटा होत्या. त्यांतून वीज गेली की मिठापासून क्लोरीन तयार व्हायचा, पाणी शुद्ध करायचा आणि काम संपलं की त्याचं पुन्हा मीठ व्हायचं. मुलाचा त्या यंत्रावर फार जीव जडला.

काही आठवड्यांनी प्लेटांवर पांढरा थर दिसू लागला. तलावात बोअरचं पाणी होतं, जड, चुन्याचं. मुलाने स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि थर खरवडून काढला. प्लेटा लखलखल्या. व्यवस्थापकाने पाठ थोपटली. थर पुन्हा धरला, त्याने पुन्हा खरवडला. दर खेपेला तो जरा जास्तच जोर लावू लागला, कारण काम मनापासून करायची त्याला सवय होती.

मग एके दिवशी प्लेटा स्वच्छ असूनही क्लोरीन तयार होईना. पाणी हिरवट दिसू लागलं. म्हातारा मिस्त्री आला. त्याने प्लेटा उन्हात धरल्या, ओरखडे पाहिले आणि एवढंच म्हणाला, "बेटा, नवीन लागतील." किंमत ऐकून मुलाचा चेहरा उतरला. त्याला कोणी रागावलं नाही. त्याचंच त्याला जास्त लागलं.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा आजी मोरीपाशी बसली होती. पुढ्यात पितळेचं पातेलं. रोज त्यात पिण्याचं पाणी उकळायचं, त्यामुळे तळाला पांढरी खपली धरलेली. आजीने त्यात चिंचेचं पाणी ओतून ठेवलं होतं. मुलाला वाटलं, निदान हे तरी करून द्यावं. त्याने उलथनं उचललं.

"अरे थांब!" आजीने त्याचा हात धरला. "आत कल्हई आहे. चुना खरवडशील तर कल्हईसुद्धा जाईल. मग त्यात ताक, कढी काही ठेवता येणार नाही, सगळं कळकेल."

"मग चुना जायचा कसा?"

"त्याचा तो सुटेल. चिंच चुन्याला खाते, कल्हईला सहसा धक्का लावत नाही. पण रात्रभर नाही हो ठेवायची. सुटला की लगेच धुवायचं."

मुलगा पातेल्याकडे बघत राहिला. मग त्याने आजीला प्लेटांची सगळी हकिकत सांगितली. आजीला टायटॅनियम ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "तुझ्या पत्र्यालाही कल्हई असेल."

दुसऱ्या दिवशी त्याने मिस्त्रीला विचारलं. होतीच. प्लेटांवर रुथेनियमसारख्या मौल्यवान धातूच्या ऑक्साइडचा अगदी पातळ लेप असतो. क्लोरीन तयार करतो तो हा लेप, नुसतं टायटॅनियम नाही. मिस्त्रीने मग रीत शिकवली. हातमोजे घालायचे, मोकळ्या हवेत बसायचं, आधी पाणी घ्यायचं आणि त्यात थोडं आम्ल सोडायचं, आम्लात पाणी कधीच नाही. फेस यायचा थांबला की प्लेटा बाहेर. आम्लात जास्त वेळ राहिल्या तर लेपही झिजतो.

नव्या प्लेटा आल्या. पुढच्या वेळी मुलाने रीतीने थर उतरवला आणि मोठ्या खुशीत आजीला सांगितलं.

आजीने विचारलं, "पण इतक्या लवकर धरतो कसा? पाणी बघितलंस का?"

त्याने पाणी बघितलं नव्हतं. वीज वाहते तेव्हा एका प्लेटेजवळचं पाणी अल्कधर्मी होतं आणि विरघळलेला चुना तिथेच बसतो. तलावाचा पीएच आधीच चढलेला असेल तर तो आणखी भराभर धरतो. मुलाने मोजला तेव्हा पीएच ८ च्या वर होता. थोडं थोडं आम्ल सोडून त्याने तो ७.२ ते ७.६ च्या दरम्यान आणला आणि तिथेच राखला. थर धरायचा थांबला नाही, पण फार सावकाश धरू लागला.

थर डोळ्यांना खुपतो, म्हणून हात आधी तिकडे जातो. माणसांच्या बाबतीतही आपण हेच करतो. कोणाचा तुसडेपणा, कोणाचा हट्ट दिसला की तो काढायला इतक्या जोराने लागतो की त्याखालचं चांगलं माणूसपणही खरवडून निघतं. आणि तो थर ज्या पाण्याने चढला, ते पाणी मात्र तसंच राहतं.

पावसाळ्यानंतर हॉटेलात मदतीला एक नवा पोरगा आला. पहिल्याच दिवशी तो प्लेटा बघायला धावला. मुलाने त्याला आधी तलावाच्या काठावर बसवलं आणि पाणी तपासायला शिकवलं.