आज्जीला काय कळतंय?

निपाणी-बेळगाव पट्ट्यातल्या घरात म्हातारं माणूस भुलू लागलं की एक वाक्य हमखास कानी पडतं: 'आज्जीला आता काय कळतंय?' मग औषधांचा खर्च, रात्रीची जागरणं, कुणाकडे किती दिवस ठेवायचं, सगळं तिच्यासमोरच बोललं जातं. घटकाभरात तिला त्यातलं अक्षर आठवत नाही. पण दुपारी ती ताटाला शिवत नाही, पदराचं टोक चुरगळत बसते. घरचे म्हणतात, उगंच रुसलीय.

उगंच नसावं ते. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी १७ अल्झायमरग्रस्तांना दुःखद आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या. २०१४ साली त्याचे निष्कर्ष आले. पाहिलेलं थोड्याच वेळात पुसट झालं, मनावरचं सावट मात्र अर्ध्या तासापर्यंत मोजता आलं. ज्यांना कमी आठवत होतं, त्यांचं दुःख जास्त रेंगाळलं. हे वाचून मी चरकलोच. आठवणी साठवणारा हिप्पोकॅम्पस या आजारात लवकर झिजतो हे ठाऊक होतं. पण दुःखाचं कारण आठवत असेल तरच आपण मनाची समजूत घालतो. कारणच हरवलं तर घालायची कशाची?

याच्या उलटही घडतं. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया या मेंदूच्या आजाराच्या एका प्रकारात सुरुवातीला स्मरण बरंचसं शाबूत असतं, आटते ती माया. समजा, पन्नाशीतला तंबाखूचा व्यापारी. पोत्यांचा हिशेब तोंडपाठ, पण सख्ख्या भावाच्या मयतात विचारतो, जेवण कधी? गाव म्हणणार, पैशानं माजला. मेंदूकडे बोट कोण दाखवणार? लकवा मारल्यावर काहींना आवरता न येणारं रडू फुटतं. तेही पुष्कळदा दुःखाचं नसतं.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' हा चित्रपट आम्हा सीमाभागातल्यांनी वेगळ्या कानांनी ऐकावा. मोहन आगाशेंनी उभे केलेले, भुलू लागलेले संस्कृतपंडित चक्रपाणिशास्त्री हत्तीमागे भरकटत जातात आणि माहुताच्या बायकोला, चन्नम्माला, आई समजतात. ती कानडी बोलणारी. या भूमिकेसाठी अमृता सुभाषला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जन्मभर शब्दांवर पोसलेल्या माणसाला अखेर पुरतो तो तिचा सूर. आणि आमच्याकडे मराठी की कानडी यावरून १९५६ पासून डोकी फुटताहेत!

तिन्हीसांजेला शेजारची बाई दारातून डोकावते. 'ऊटा आतेन्री?' जेवलात का, एवढंच. ही कोण, आज्जीला सांगता येत नाही. ती सरकून चटईवर तिच्यासाठी जागा करते.