सरांचे अक्षर

आमच्या सरांची शोकसभा शाळेच्या पटांगणात झाली. सात जण बोलले. सातही जणांना सर 'शिस्तप्रिय पण प्रेमळ' वाटले होते; दोघांनी तर त्यांना थेट साने गुरुजींच्या पंगतीला नेऊन बसवले. मला हे पटले नाही. सर वर्गावर तसे बेताचेच. भूमिती शिकवताना ते आमच्याशी कमी आणि फळ्याशी जास्त बोलत. ते मोठे होते मुख्याध्यापक म्हणून. पण मुख्याध्यापकाचे मोठेपण नेमके कशात असते हे आपल्याला सांगता येत नाही, मग त्याला 'आदर्श शिक्षक' म्हणून आपण मोकळे होतो.

सरांचे मोठेपण पाहायचे असेल तर शाळेचे जनरल रजिस्टर उघडावे. एकेका मुलाची एकेक आडवी ओळ: नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, सोडल्याचे कारण, शेरा. जूनमध्ये पालकांची रांग लागे तेव्हा कारकून शेजारी असतानाही सर ही नोंद स्वतः करत. बाप म्हणे, "लिवा बाळू." सर पेन खाली ठेवत. "घरी बाळूच म्हणा. लग्नपत्रिकेत काय छापणार ते सांगा." मग घरातल्यांत विचारविनिमय होई, मागची रांग कुरकुरे, आणि सर थांबत.

या थांबण्याला किंमत होती. महाराष्ट्रात 1 जून हा अर्ध्या गावाचा वाढदिवस असतो, कारण ज्याच्या आईबापाला तारीख सांगता आली नाही त्याला हेडमास्तरांनी 1 जून देऊन टाकला. सर स्वतःही त्यातलेच. त्यांचा जन्म पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा, असे त्यांची आई सांगे. कागदावर मात्र 1 जून, म्हणून 58 व्या वर्षी 31 मे रोजी ते निवृत्त झाले. कुणा घाईतल्या हेडमास्तरने त्यांच्या नोकरीचे जवळजवळ तीन महिने असे खाल्ले. म्हणूनच की काय, ते पालकांना सण विचारत, पाऊस विचारत, त्या साली गावात काय घडले ते विचारत आणि जुन्या पंचांगावरून तारीख काढत.

जातीच्या रकान्याचेही तेच. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींना 1950 पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना 1961 पूर्वीचा, इतर मागासवर्गीयांना 1967 पूर्वीचा पुरावा लागतो, आणि गरिबाच्या घरात तो बहुतेक वेळा आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदीपुरताच असतो. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायची मोहीम निघाली तेव्हा सरकारी माणसे हीच जुनी रजिस्टरे चाळत होती. तिथे एक अक्षर चुकले तर नातवाला पडताळणी समितीपुढे खेटे घालावे लागतात. बरोबर लिहिले तर कुणाला काही कळतही नाही. प्रशासनाचे चांगले काम असेच असते. त्यावर भाषण होत नाही.

एक प्रसंग मी पाहिला आहे. ऊसतोडीला निघालेल्या एका बाईने शाळा सोडल्याचा दाखला मागितला. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचा नियम असा, की फीची बाकी भरल्याशिवाय दाखला नाही. सरांनी दाखला लिहिला, शिक्का मारला, टीपकागद दाबला आणि बाईच्या हातात देताना म्हणाले, "प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, फडात भिजेल." बाकी कुणी भरली ते मी विचारले नाही. दाखला द्यायला उशीर करणाऱ्या मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते, हे 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यात आले. सर त्याआधीच निवृत्त झाले होते.

त्यांचे सगळे बरोबरच होते असे नाही. शिपायांवर ते फार ओरडत. आणि रजिस्टरात एकदा लिहिलेले बदलायला त्यांनी कधीच मदत केली नाही, खरी चूक असली तरी. अधिकाऱ्याकडे जा, एवढेच सांगत.

सरांच्या स्मृतीसाठी आता वर्गणी गोळा होते आहे. अर्धपुतळ्याचे घाटते आहे. माझी वर्गणी मी दिली आहे आणि सोबत एक चिठ्ठी: रजिस्टरांच्या लाकडी कपाटाला खालून वाळवी लागली आहे, पावसाळ्यापूर्वी आधी ते कपाट बदला.